शेरा

दर रविवारी सकाळी सातला चार बाटल्या:
एक पायऱ्यांपाशी, एक नाल्याच्या तोंडाला,
एक बांधाखाली,
आणि एक मधोमध, तिथं निंगव्वा अंबिगेर नेते मला
टायरच्या ट्यूबांवर फळी बांधलेल्या तिच्या तराफ्यातून.
पोरं मला बाटलीबाई म्हणतात.
म्हणू देत. एकतीस वर्षं हायस्कूलमध्ये
परीक्षानळ्या धुतल्या, काचेची लाज नाही मला.

निंगव्वा तळ्याला केरे म्हणते.
आमच्यात केर म्हणजे झाडून टाकायचं ते.
लहानपणी या एवढ्याशा शब्दावरून
परकरात तोंड खुपसून हसलोय दोघी.
येळ्ळूर रस्त्याला नवी वसाहत झाली त्या वर्षापासून
शब्द दोन्हीकडून बरोबर झालाय.

पहिला अर्ज मराठीतून दिला, परत आला.
दुसरा बसवंतप्पा मास्तरांनी कानडीत करून दिला.
'मैला'पाशी अडले,
चष्मा काढून पुसत बसले.
'गटार'ला मात्र थांबावं लागलं नाही.
ते इकडंही गटार, तिकडंही गटार.
खाली तीनशे बारा सह्या, दोन लिप्यांत,
शिवाय लुमाण्णाचा अंगठा,
त्याला सही येते, पण त्या दिवशी
हाताला जाळ्याचं काळं लागलं होतं, म्हणाला आयतंच आहे.

साहेबांनी बाटल्या टेबलावर मांडू दिल्या.
नऊ नंबरची उघडू नका म्हणाले.
त्यांचं कानडी क्लार्कनं आमच्या बोलीत आणलं:
"काम मंजूर हाय खरं..."

बाहेरच्यांना हे सांगावं लागतं.
आम्ही 'पण'ला 'खरं' म्हणतो.
येतो म्हणाला खरं आला नाही.
मंजूर हाय खरं पैसा नाही.
पैसा आला खरं पाइप भलतीकडंच गेला.

एक राहिलं. अर्जात नाही ते.
त्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या धाकट्याचा फ्लॅट आहे.
गॅलरीतून तळं दिसतं,
दिसण्याचे वीस हजार वेगळे मोजलेत त्यानं.
तिथं राहायला गेले की रात्री
फ्लशची कळ दाबायला हात धजत नाही.
बादलीनं ओतते.
जणू बादलीचं पाणी दुसऱ्या गावाला जाणार आहे.

पौषात एका रात्री लुमाण्णा आणि तालमीतली पोरं
वाळूची सत्तावीस पोती पाइपात कोंबून आली.
मी नव्हते त्यांच्यात.
बॅटरी माझी होती.
पहाटे वसाहतीच्या पार्किंगमध्ये
घोट्याइतकं काळं पाणी.
मुलाचा फोन: आई, हे काय चाललंय?
म्हटलं, तुमचंच आहे रे. परत आलंय.
पलीकडं बराच वेळ नुसता
कुणीतरी खराटा ओढल्याचा आवाज.

दुपारी पोलीस आले, संध्याकाळी पोती निघाली.
तीन आठवड्यांनी सोसायटीनं स्वतःच अर्ज दिला,
इंग्रजीत.
त्याची पोच त्याच दिवशी मिळाली.

आता शुद्धीकरणाच्या टाकीसाठी खड्डा खणलाय.
खड्ड्यात पावसाचं पाणी आहे,
आमच्या तळ्यापेक्षा स्वच्छ. मी तपासलंय.
पाइप तसाच.

वहीत पाच रकाने: तारीख, जागा, रंग, वास, शेरा.
आज एकशे सत्तराव्या बाटलीला बूच लावत होते,
निंगव्वा हळूच म्हणाली, "नोडव्वा,"
आणि वल्हं पाण्यातून न काढताच
हनुवटीनं दाखवलं:
जलपर्णीच्या फटीतून पाणकोंबडी,
मागं चार पिल्लं, काजळाच्या बोटांएवढी.

मी शेऱ्यात लिहिलं,
वास आहे खरं
आणि पुढं रकान्यात जागा उरली नाही.
पिल्लं नाल्याच्या तोंडाकडं निघाली होती.